कोर्ट उठेपर्यंत

धक्का तसा लहानच होता. इतका लहान, की त्याचा आवाज सौमित्रला नंतर कधी आठवला नाही. आठवत राहिला तो हिरवा दिवा. माघातली सकाळ होती. उसाच्या ट्रॉल्या रस्त्याच्या कडेने पाचट सांडत कारखान्याकडे चालल्या होत्या, हवेत कुठल्याशा गुऱ्हाळाचा गोडसर, किंचित करपलेला वास होता, आणि उद्यमनगरकडे वळणाऱ्या चौकात तो आपली स्कूटर घेऊन उभा होता. तांबडा दिवा गेला, हिरवा लागला. मागच्यांनी हॉर्न वाजवायच्या आत तो निघाला, आणि पुढच्याच क्षणी हँडल कोणीतरी हातातून हिसकावून घ्यावे तसे फिरले. तो पडला नाही. स्कूटर तिरपी होऊन थांबली. त्याने खाली पाहिले तेव्हा एका सायकलचे चाक आकाशाकडे तोंड करून फिरत होते, आणि दुभाजकाच्या दगडी कडेला एक माणूस पाठमोरा पडला होता. पायातली चप्पल जराशी दूर, डब्याची पिशवी त्याहून दूर. माणसाकडे पाहण्याऐवजी सौमित्र त्या चाकाकडेच पाहत राहिला, जणू ते थांबले की काय झाले ते आपोआप कळणार होते.

गर्दी जमली आणि तिने निकालही दिला. "दिसत न्हाय व्हय रं तुला?" कोणीतरी त्याच्या खांद्याला धरून विचारले. कोपऱ्यावरचा चहावाला म्हणाला, सायकल तांबड्यावर घुसली, मी बघितलंय की, पण त्याला दुसऱ्याने उलट विचारले, "गाडी कुणाची मोठी? मग बास." हा युक्तिवाद इतका सोपा आणि इतका पूर्ण होता, की त्यापुढे चहावालाही गप्प झाला आणि सौमित्रही. पडलेल्या माणसाला रिक्षात घालताना त्याने त्याचे पाय धरले होते. उजवा पाय धरला तेव्हा त्या माणसाने डोळे मिटून घेतले, पण तोंडातून आवाज काढला नाही. त्याच्या पँटला काळ्या वाळूचा वास होता, ओतकामाच्या कारखान्यातल्या तेलकट, जळक्या वाळूचा. तो वास सौमित्रच्या तळहातांना कितीतरी दिवस राहिला, किंवा राहिला असे त्याला वाटले. वर्गात फळ्यावर लिहिताना खडूच्या धुळीतूनही तो यायचा.

पुढचे सारे एका कंटाळलेल्या यंत्राच्या गतीने होत गेले. सायकलवाल्याचे नाव आकाराम. गडमुडशिंगीहून रोज सायकलने येऊन उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत साचे भरणारा माणूस. हाड मोडले, आधीच रक्तात साखर, जखम चिघळली आणि गुडघ्याखाली पाय काढावा लागला. तो शुद्धीवर नव्हता तेव्हा पोलिसांनी त्याच्या घरच्यांचा जबाब लिहून घेतला, आणि गुन्हा सौमित्रवर दाखल झाला: हयगयीने वाहन चालवून गंभीर दुखापत. चौकातला कॅमेरा त्या दिवसांत बंद होता. आणि सौमित्रच्या कायम नेमणुकीचे कागद, जे इतकी वर्षे तासिका तत्त्वावर शिकवल्यानंतर एकदाचे हलले होते, ते चारित्र्य पडताळणीच्या टेबलावर येऊन थांबले.

"तुमची चूक न्हाय, सर," ॲडव्होकेट उदयसिंह पहिल्याच भेटीत म्हणाले होते. गल्लीतलेच, सौमित्रला लहानपणापासून ओळखणारे. पण तो प्राध्यापक झाल्यापासून त्याला सर म्हणत, आणि त्यात थोडी थट्टा असे. "कायद्यात सायकल म्हंजे वाहनच. सिग्नल तिलाबी लागू हाय. पण तिला नंबर न्हाय, लायसन न्हाय, विमा न्हाय. हवालदारानं पावती फाडायची तर कुणाच्या नावानं फाडायची? म्हणून मग जी गाडी मोठी तिच्यावर गुन्हा. ही कायद्याची भाषा नव्हं, ही हितली पद्धत. आपण न्यायाधीशांपुढं नाकबूल म्हणायचं, चहावाल्याला उभा करायचा, आणि सुटायचं. येळ लागंल, पण सुटाल."

"आणि कबूल म्हटलं तर?"

उदयसिंहांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले. "तर दंड हुईल, आणि एका दिवसात मोकळं व्हाल. मग पुढं जन्मभर, कुठंबी, कुणीबी विचारलं की शिक्षा झालीया का, तर हो म्हणायचं. काम काय हाय ते बघा, आणि असलं काय विचारू नका."

तुमची चूक नाही. हे वाक्य त्याला इतक्या जणांनी सांगितले, की त्याचा अर्थ झिजून गेला आणि उरला तो नुसता एक आवाज, रात्रभर कुठेतरी ठिबकणाऱ्या नळासारखा. आई देवापुढे दिवा लावताना ते म्हणे. स्टाफरूममध्ये लोक चहाच्या कपातून वर पाहून म्हणत. लहानपणापासून सौमित्रची कधी चूक नसेच. वर्गात गोंधळ झाला की मास्तर म्हणत, तो सौमित्र नसेल. वडील पोस्टात होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत पहाटे ते त्याला सायकलच्या दांडीवर बसवून रंकाळ्यावर फिरायला नेत. त्या वेळी रस्त्यावर चिटपाखरू नसे, आणि तरी एखाद्या चौकात तांबडा दिवा लागलेला असला की वडील पाय टेकून उभे राहत. रस्ता मोकळा आहे की बाबा, असे तो म्हणे. वडील उत्तर देत नसत, नुसते वर बघत. मग तोही वर बघायला शिकला. धुक्यात तांबडा ठिपका कसा कडांना विरघळतो, आणि हिरवा लागला की वडिलांच्या हाताच्या शिरा हँडलवर कशा ताणल्या जातात, हे त्याला अजून दिसे. त्या दिव्याने त्याला एक विलक्षण सोय करून दिली होती. माणसांच्या चेहऱ्याकडे पाहणे त्याला कधी जमले नव्हते. समोरच्याच्या डोळ्यांत काही तरी मागणे असते आणि आपल्यापाशी ते नसते, अशी त्याची पहिल्यापासूनची खात्री होती. दिव्याचे तसे नव्हते. दिवा सांगे, आता थांब, आता जा, आणि मध्ये कोणाशी काही बोलावे लागत नसे.

म्हणूनच असेल, पण त्या सकाळचा प्रसंग तो पुन्हा पुन्हा मनात उलगडून पाही तेव्हा त्याला एकच गोष्ट लख्ख दिसे. हिरवा दिवा, त्याच्या काचेवरची धूळ, त्या धुळीत कोणीतरी पुसल्यासारखा एक पुसट पट्टा. दिवा हिरवा होता याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पण त्या दिव्याखालचा रस्ता त्याला दिसत नसे. तिथे आकाराम असायला हवे होते, डावीकडून येणारे, डब्याची पिशवी हँडलला अडकवलेले, आणि तिथे काहीच नसे. तो स्मृतीला दामटून त्या जागेकडे नेई, आणि ती त्याला परत दिव्याकडे आणून सोडी.

क्रांती आली ती एका दुपारी, सुनावणीच्या आधीच्या आठवड्यात. आकारामांची मुलगी. पेठ वडगावला दिलेली, पण पाय काढल्यापासून माहेरीच राहिलेली. गावच्या दूध संस्थेत फॅट तपासायचे काम धरले होते. ती खुर्चीच्या कडेवर बसली. सौमित्रला तिचा चेहरा दिसला नाही, कारण त्याने पाहिला नाही. तिचे हात दिसले. बोटांच्या टोकांना धुऊनही न गेलेला दुधाचा आंबूस वास होता आणि ती ती बोटे एकमेकांत गुंतवून सोडवत होती.

"सर, तुमची चूक न्हाय हे आमाला ठावं हाय," ती म्हणाली. "आबा सवताच सांगत्यात. दारात कोण आलं की सांगत्यात, मी तांबड्यावर घुसलो म्हणून. भांडी विकायला आलेल्या बाईलाबी सांगितलं परवा. आईनं हात जोडलं त्यांच्यापुढं, गप बसा म्हणून."

"मग?" सौमित्रने विचारले.

"मग आमचं वकील म्हणत्यात, सायकलवाल्याची चूक निघाली की तुमच्या गाडीची विमा कंपनी हात वर करती. पाय गेला त्यो गेलाच, वर आमाला काय बी मिळत न्हाय. तुमी कोर्टात कबूल म्हटलासा तर त्यो कागद आमच्या बाजूनं पडतोय." ती थांबली. "तुमच्या खिशातनं काय जात न्हाय, सर. कंपनी देती."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. श्यामलाबाईंनी आयुष्यात कोणाशी आवाज चढवला नव्हता, आणि आताही चढवला नाही. फक्त त्यांच्या हातातला पाण्याचा तांब्या त्या तशाच धरून राहिल्या. "अगं, त्याची नेमणूक अडकली आहे," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं तासावर शिकवतोय. त्यानं काही केलेलं नसताना केलं म्हणून सांगायचं? त्याच्या वडलांनी ऐकलं असतं तर काय वाटलं असतं?"

"व्हय काकू," क्रांती म्हणाली. "मलाबी लाज वाटाय लागलीया. पैसं मागाय आले असते तर इतकी वाटली नसती."

ती गेल्यावर आईने तो तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, "वाईट नाही हो ती मुलगी." आणि थोड्या वेळाने, "पण तू नाहीच म्हणशील ना?" सौमित्र खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. समोरच्या गच्चीवर कोणाची तरी पांढरी चादर उन्हात इतकी स्थिर वाळत होती, की वारा म्हणून काही जगात नसावाच. त्याला फार थकल्यासारखे वाटले. नाही म्हणणे खरे होते आणि हो म्हणणे चांगले होते, आणि दोन्हींत त्याला स्वतःला जागा नव्हती. जन्मभर जो निर्दोषपणा त्याने इस्त्रीच्या सदऱ्यासारखा सांभाळला, तो आता पहिल्यांदाच कोणाच्या तरी उपयोगाचा झाला होता, आणि तोही काढून दिला तरच.

त्या रविवारी तो गडमुडशिंगीला गेला. का, ते त्याला सांगता आले नसते. घराच्या सोप्यात आकाराम खाटेवर बसले होते. खाली सोडलेला एक पाय जमिनीवर, दुसऱ्या पायाचा धोतराचा सोगा घडी घालून कमरेला खोचलेला. भिंतीला सायकल उभी होती. तिचे चाक सरळ करून आणले होते आणि सीटवर धुळीचा कण नव्हता.

"ये पावणं. बस," आकाराम म्हणाले. "त्यो तूच न्हवं?"

"हो. मीच."

"पोरगी आलती की तुझ्याकडं. मला ठावं हाय. तिचं ऐकू नगंस." आतून त्यांच्या बायकोचा, बयाबाईंचा आवाज आला, "सुरू झालं ह्यांचं." आकारामांनी तिकडे लक्ष दिले नाही. "तुला सांगतो. पयलं तितं दिवं नव्हतं. एक हवालदार असायचा, लांब मिशा, पोट ह्ये एवढं. आमी मुडशिंगीची सगळी सायकलवाली एका दमात यायचो. पुलाचा चढ असतोय की त्यो. चढाला पाय टेकला की मागनं सायकल उचलत न्हाय, आन् तिकडं भोंगा व्हायला आलेला. भोंगा चुकला की निम्मा दिवस गेला. तवा त्यो हवालदार लांबनंच आमाला बगायचा, आन् असा हात करायचा." त्यांनी उजवा हात खांद्याच्या उंचीला नेला, तळवा सरळ समोर. तो हात बराच वेळ तसाच राहिला. "सगळा चौक थांबायचा. मोटारी, यष्ट्या, समदं. आन् आमी मधनं जायाचो, न थांबता. मालकाची मोटारबी थांबलीया आमच्यासाटी."

"मग?"

"मग दिवं आलं. हवालदार गेला. बरूबरची पोरं मोटरसायकली घिऊन थांबाय शिकली. माझ्या पायाला मातर कुणी सांगितलंच न्हाय." ते हसले, आणि हसणे लगेच आवरले. "पर ही सबब न्हवं. दिवा मला दिसत हुता. तांबडा हुता. म्हटलं, जातोय की पाय न टेकता, आन् घुसलो. कोर्टात मी येनार हाय आन् हेच सांगनार हाय."

"कुठं जात न्हाईसा तुमी," बयाबाई आतून म्हणाल्या. "एका पायावर गाव हिंडतासा आन् आता कोर्ट बघायचं राहिलंय."

सौमित्रला विचारायचे होते, तुम्हांला मी दिसलो होतो का? तो प्रश्न त्याच्या ओठांपर्यंत आला आणि नेहमीप्रमाणे तिथेच बसून राहिला. परतताना शेतांवरून ओल्या उसाचा थंड वास येत होता, आणि पुलाचा चढ त्याने पहिल्यांदा चढ म्हणून पाहिला. स्कूटरवरून तो चढ कधी कळलाच नव्हता.

कोर्टात त्या दिवशी फार उकडत होते. चैत्र सुरू झाला होता आणि डोक्यावरचा पंखा नुसता आवाज करत होता. बाकांवर माणसे एकमेकांना चिकटून बसली होती, कोणी पेंगत, कोणी तारखेची चिठ्ठी चुरगाळत. उदयसिंह काळ्या कोटात घामेजले होते. "नाकबूल. एवढाच शब्द," ते कुजबुजले. "वर्गात तास तास बोलता, हितं एक शब्द." न्यायाधीश वयाने तरुण बाई होत्या, पण त्यांच्या आवाजात सकाळीच संध्याकाळचा थकवा आला होता. सौमित्रचे नाव पुकारले गेले. तो पिंजऱ्यात जाऊन उभा राहिला. लाकडाच्या कठड्यावर असंख्य हातांनी धरून धरून एक गुळगुळीत खोलगट पट्टा पडला होता, आणि त्याने आपले हात नेमके त्याच पट्ट्यावर ठेवले. आरोप वाचून दाखवला गेला. अमुक दिवशी, अमुक चौकात, आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून. गुन्हा कबूल आहे का?

रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून. ही छापील शब्दयोजना होती, हजारो आरोपपत्रांत तीच. पण ती ऐकताना तो पुन्हा त्या सकाळी गेला. तेथे सर्व काही जागच्या जागी होते. ट्रॉल्या होत्या, करपलेला गोड वास होता, काचेवरची धूळ होती. त्याने सावकाश, पहिल्यांदाच न घाबरता, दृष्टी दिव्यावरून खाली आणली. खाली रस्ता होता आणि रस्त्यावर कोणी नव्हते. कोणी आठवत नव्हते असे नव्हे; त्याने कोणाला पाहिलेच नव्हते. पुलाचा चढ चढून धापा टाकत आलेला एक माणूस, कितीतरी अंतरावरून दिसला असता असा, डावीकडून येत होता, आणि सौमित्र वर बघत होता. त्याला जाणवले की विस्मरण म्हणून ज्याला तो इतके दिवस कुरवाळत होता, ते विस्मरण नव्हते. तीच संपूर्ण आणि खरी आठवण होती.

"कबूल आहे," तो म्हणाला.

उदयसिंहांनी हातातली फाइल बाकावर ठेवली. न्यायाधीशबाईंनी मान वर केली. कोणाच्या दबावाने सांगता आहात का? नाही. परिणामांची कल्पना आहे का? आहे. त्या लिहू लागणार तोच मागच्या बाजूला काही तरी खडखडले. लोखंडी वॉकरचे चार पाय फरशीवर आपटत आकाराम बाकांच्या मधून पुढे येत होते, आणि क्रांती त्यांचा सदरा मागून धरत होती, आबा, अहो आबा.

"सायेब, त्येला काय ठावं?" आकाराम म्हणाले. कोर्टात पेंगणारे लोक जागे झाले. "चूक माजी हाय. दिवा तांबडा हुता."

"तुम्ही कोण?"

"मी सायकलवाला."

बाईंनी कागद चाळला. त्यांचा स्वर मृदू झाला आणि त्यामुळेच अधिक दूरचा वाटला. "आजोबा, तुम्ही या केसमध्ये जखमी आहात. आरोपी नाही. तुमच्यावर काही गुन्हा दाखल नाही. तुम्ही निवांत बसा."

"का न्हाय दाखल?"

पट्टेवाल्याने त्यांच्या कोपराला हलकेच हात लावला. आकाराम क्षणभर सगळ्यांकडे आळीपाळीने पाहत राहिले, बाईंकडे, उदयसिंहांकडे, मुलीकडे. आणि सौमित्रला वाटले, पाय कापला गेला त्याहीपेक्षा हे त्यांना अधिक लागले असावे. रस्त्यावर त्यांना नंबर नव्हता, विमा नव्हता; आणि आता चूकही त्यांच्या नावावर लागत नव्हती. शिक्षा सांगितली गेली: दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. पुढचे नाव पुकारले गेले.

कोर्ट उठेपर्यंत कैद म्हणजे काय, हे सौमित्रला ठाऊक नव्हते. पट्टेवाल्याने भिंतीलगतचा बाक दाखवला. "हितंच बसायचं, सर. सांजचं सायेब उठल्या की सुटलासा. चहा पायजे तर सांगा, भाईर मातर जायाचं न्हाय." उदयसिंह त्याच्याजवळ येऊन उभे राहिले. "काकूंना मी सांगतो," एवढेच म्हणाले, आणि फाइल बगलेत मारून गेले. आई आता घरी काय करत असेल, हा विचार त्याने एकदा केला आणि बाजूला सारला, दुखरा दात जिभेने चाचपून सोडून द्यावा तसा. तिला काय सांगायचे ते त्याला कळत नव्हते. वडिलांना सांगणे कदाचित त्याहून सोपे गेले असते. तांबड्यावर कसे थांबायचे ते तुम्ही दाखवलेत, हिरव्यावर कोणाकडे बघायचे ते सांगायचे राहून गेले.

खडखड जवळ आली. आकारामांनी वॉकर बाकाला टेकवला, दोन्ही हातांनी बाकाची कड धरली आणि स्वतःला त्याच्या शेजारी खाली सोडले. क्रांती पुढे उभी राहिली. "आबा, चला की आता. रिक्षा थांबलीया."

"जाऊ दे तिला. ही शिक्षा माजी हाय. मीबी हितं बसनार."

"आजोबा, तुम्हांला बसायची गरज न्हाय," पट्टेवाला म्हणाला.

"गरज नसू दे. बसायला बंदी हाय?"

बंदी नव्हती. क्रांतीने एकदा बापाकडे आणि एकदा सौमित्रकडे पाहिले. आणि या वेळी सौमित्रनेही पाहिले. तिचे डोळे घारे होते, खालच्या पापण्या सुजलेल्या, आणि त्यांत आभार नव्हते, अपराधीपणा नव्हता, फक्त फार दिवस झोप न झालेल्या माणसाचे शांतपण होते. ती बाहेर व्हरांड्यात जाऊन बसली.

दुपार हळूहळू सरकली. प्रकरणे येत होती आणि जात होती, कोणाची भांडणे, कोणाचे बांध, कोणाच्या तारखा. खिडकीतून उन्हाचा चौकोन फरशीवरून चालत आला आणि वॉकरच्या पायांवर चढला. आकाराम समोर बघत होते. जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली तेव्हाही ते समोरच्या रिकाम्या खुर्चीकडेच बघत राहिले. त्यांच्या अंगाला अजून काळ्या वाळूचा वास होता, इतके दिवस कामावर न जाताही. हा वास आपल्या तळहातांना लागलेला नव्हता, सौमित्रला वाटले. तो या माणसाचाच होता, मुळापासून. उन्हे कलल्यावर, कोणी तरी साक्षीदार फार लांबण लावून बोलत असताना, आकाराम मान न वळवता म्हणाले, "का म्हटलास कबूल? पोरीसाटी?"

सौमित्रने विचार केला. "नाही."

"मग? माजी कीव आली?"

"नाही." त्याने मान वळवली आणि त्यांच्याकडे नीट पाहिले. डाव्या भुवईत एक जुना भाजल्याचा पांढरा व्रण होता, दाढीचे खुंट पिकलेले, आणि डोळे त्याने कल्पिले होते तितके रागीट नव्हते. "मी तुम्हांला पाहिलंच नव्हतं. तुम्ही चढावरून येत होता, समोर होता. मी दिव्याकडे बघत होतो. हिरवा लागला आणि निघालो. रस्त्यावर कोण आहे हे मी पाहिलंच नाही."

साक्षीदार बोलत होता, पंखा कुरकुरत होता. आकारामांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली, घडी घातली, पुन्हा खिशात ठेवला.

"मला तू दिसला हुतास," ते शेवटी म्हणाले. "म्हटलं, ह्यो मला बगतोय. थांबंल." आणि मग, जणू दिवसभर याच हिशेबाशी त्यांचे भांडण चालले होते, "मग निम्मी तुजी. तेवढी घे. निम्मी माजी हाय, ती मला ठेव."

"ठेवली," सौमित्र म्हणाला.

कोर्ट उठले. बाई आत गेल्या, सगळे उभे राहिले, आकारामही बाकाची कड धरून उठू लागले. सौमित्रने हात पुढे केला नाही. फक्त खांदा थोडा खाली नेला, आणि आकारामांनी त्यावर हात टाकला. एका हातात वॉकर, एक हात त्याच्या खांद्यावर, असे ते व्हरांड्यातून, पायऱ्यांवरून, फाटकापर्यंत आले. क्रांती दुसरी रिक्षा आणायला पुढे गेली होती, पण रिक्षा रस्त्याच्या पलीकडेच अडकली होती. संध्याकाळची सुटलेली वाहने एकामागून एक येत होती आणि तिथे दिवा नव्हता.

"पलीकडं जाऊ," आकाराम म्हणाले. सौमित्रने वॉकर उचलून दुसऱ्या हातात धरला आणि त्यांचे सगळे वजन खांद्यावर घेतले. आकारामांनी मोकळा झालेला उजवा हात खांद्याच्या उंचीला नेला, तळवा सरळ समोर, आणि कोणाकडेही न बघता रस्त्यात पाऊल टाकले. एका मोटरसायकलवाल्याने करकचून ब्रेक दाबला. "मरायचं हाय व्हय, आजोबा?" तो म्हणाला. आकारामांनी त्याच्याकडे पाहिले नाही. सौमित्रने पाहिले. विशीतला मुलगा, ओठावर कोवळी मिशी, भ्यालेला. त्याच्यामागे गॅस सिलिंडर भरलेला टेम्पो, टेम्पोत पान चघळणारा माणूस; त्याच्या शेजारी स्कूटरवर पुढे पोर उभे केलेली बाई. सौमित्र एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहत, त्याने आपल्याला पाहिल्याची खात्री पटेपर्यंत पाहत, आकारामांच्या चालीने, एका पायाच्या चालीने, रस्ता ओलांडू लागला.